फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

घरचा कॉम्प्युटर मधूनच अडकायला, निळा स्क्रीन दाखवायला किंवा आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "व्हायरस असेल, फॉरमॅट मारून घ्या." कोल्हापुरात राजारामपुरीत विचारा नाहीतर शाहूपुरीत, हेच ऐकू येईल. दोष विंडोजमध्ये असेल तर हा उपाय, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, लागूही पडतो. पण दोष हार्डवेअरमध्ये असेल तर तो चक्क घातक ठरतो. कारण नवं विंडोज टाकताना प्रत्येक फाइल रॅममधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीतून, जाऊनच डिस्कवर उतरते. बॅकअप म्हणून पेन ड्राइव्हवर घेतलेले लग्नाचे फोटोही त्याच वाटेने जातात. रॅम खराब असेल तर या प्रवासात एखादा बिट, म्हणजे माहितीतला एक ० किंवा १, उलटतो आणि बिघडलेली प्रत आपण जपून ठेवतो. मूळ मात्र तोवर पुसलेलं असतं.

बिट उलटतो म्हणजे काय होतं? रॅममधला एक बिट म्हणजे अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून डीडीआर४ या प्रकारच्या रॅममधली प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरली जाते. उष्णतेने गळती वाढते. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेली तर हेच काम दुप्पट वेगाने करावं लागतं. त्यामुळे एखादा दुबळा कप्पा सकाळी निभावून नेतो आणि एप्रिलच्या दुपारी, तासभर गेम चालल्यावर, १ चा ० करून मोकळा होतो.

एका बिटाची ताकद २००३ मध्ये बेल्जियममध्ये दिसली. ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेक इथल्या मतदानात एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा जास्त मतं पडल्याचं यंत्र सांगत होतं. फेरमोजणीत फरक निघाला बरोबर ४०९६ मतांचा, म्हणजे दोनाचा बारावा घात. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने मेमरीतला एकच बिट उलटवला असावा, असा अंदाज बांधला गेला. ती चूक पुन्हा कुणाला घडवून दाखवता आली नाही.

घरातला बिघाड सहसा असा एकदाच येऊन जात नाही. तो परत येतो आणि येताना खुणा सोडतो. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी वही घ्या. बंद पडला तेव्हा किती वाजले होते, काय चालू होतं, निळ्या स्क्रीनवर कोणतं नाव होतं, एवढं लिहून ठेवा. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं (एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) नाव येत असेल तर आधी तो ड्रायव्हर बदलून पाहा. नावं दर वेळी वेगळी असतील तर संशय रॅमवर किंवा वीजपुरवठ्यावर घ्या. निळा स्क्रीन न येता दिवा विझावा तसा कॉम्प्युटर गेला, तर वीज किंवा तापमान. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 'कर्नल पॉवर ४१' दिसलं म्हणून लगेच एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलू नका. मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता, एवढंच ती नोंद सांगते.

रॅम तपासायला मेमटेस्ट८६प्लस हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. पहिल्या दहा मिनिटांत काही निघालं नाही म्हणून उठू नका. एकही चूक निघाली तरी ती खरी धरायची. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवण्याची सोय) चालू असेल तर ते बंद करून चाचणी पुन्हा घ्या. कित्येकदा रॅम चांगली असते, फक्त तिला झेपेनाशा वेगाने पळवलेली असते. मग प्लग काढून रॅमची एक पट्टी बाहेर घ्या. दोन्ही टोकांचे खटके दाबले की ती वर उचलली जाते. सोनेरी दातांवर मळाचा पुसट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने तो हलक्या हाताने पुसा आणि पट्टी खटके आपोआप 'टक्' करून मिटेपर्यंत दाबा. नुसतं काढून नीट बसवण्यानेही दुखणं जाऊ शकतं. गेलं नाही तर एकाच खाचेत एकेक पट्टी तपासा, नंतर तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. चूक पट्टीबरोबर फिरली तर दोष पट्टीचा, खाचेशी चिकटून राहिली तर मदरबोर्डचा किंवा प्रोसेसरचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की सगळी रात्र वाया.

वीजपुरवठ्याचं दुखणं जास्त फसवं. शिवाजी उद्यमनगराजवळ राहणारे एक ओळखीचे पॅटर्नमेकर घरीच ड्रॉइंगं करतात. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की त्यांच्याकडचे दिवे मिचकायचे आणि यूपीएस असूनही कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायचा. यूपीएसची बॅटरी बदलली, फरक पडला नाही. दोष एसएमपीएसमध्ये होता. घरगुती यूपीएसला मेन लाइनवरून बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर गच्चीवरच्या टाकीसारखा साठ्यातून पुरवठा करतो. नवा असताना हा साठा सुमारे १६ मिलिसेकंद पुरावा अशी अपेक्षा असते. पण आतला द्रव सुकत जातो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि धुळीने पंखा जाम झालेल्या एसएमपीएसमध्ये ते लवकरच घडतं. टाकी लहान झाली की मिचकणं पुरेसं होतं. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका. त्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. चालता दुसरा एसएमपीएस लावून पाहणं हीच खरी चाचणी.

पेठांमधल्या जुन्या घरांत आणखी एक गोष्ट बघा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर बहुधा सॉकेटला अर्थिंगच नाही. हे काम वायरमनचं, आणि ते आधी करून घ्यायचं.

डिस्कचा संशय असेल तर क्रम उलटा: आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेर काढा, चाचण्या नंतर, कारण मरायला टेकलेल्या डिस्कला चाचणीचा ताणही सोसत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या स्मार्ट नोंदी ठेवते त्यांत ५ आणि १९७ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर ती डिस्क बदला. फक्त १९९ वाढत असेल तर डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून पाहा, ती स्वस्त असते.

रॅमच दोषी ठरली तर टाकून देऊ नका. अनेक कंपन्या तिला दहा वर्षांची किंवा त्याहून लांब वॉरंटी देतात. मेमटेस्टच्या लाल ओळींचा मोबाइलवर फोटो काढा आणि बिलासोबत दुकानात न्या. बदललेली पट्टीही एक रात्र तपासा, विंडोज त्यानंतर.