फ्रीलान्स शोध पत्रकारितेसाठीची ग्रँट

कुठल्याही पेपरात किंवा चॅनेलमध्ये नोकरीला नसलेल्या पत्रकाराला, शोध बातमी उभी करण्यासाठी जे पैसे बाहेरची एखादी संस्था देते ती ही ग्रँट. मानधन वेगळं, ते बातमी लागल्यावर मिळतं आणि शोध बातमीत खरा खर्च त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो, प्रवास, कागदपत्रांच्या नकला, दुभाषा, शिवाय इतकं करून हाती काही लागेलच असं नाही.

म्हणून सुरुवातीचे थोडे पैसे सगळ्यात मोलाचे. अमेरिकन पत्रकार सेमूर हर्श १९६९ मध्ये फ्रीलान्सच होते, व्हिएतनाममध्ये सामान्य लोकांना मारल्याबद्दल एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यावर लष्कराकडूनच खटल्याची कारवाई चालू आहे अशी टिप त्यांना मिळाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या फंड फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझमने त्यांना आधी फक्त २५० डॉलर दिले, नंतर आणखी २,०००. हर्श जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग तळावर गेले, तिथे विचारत विचारत त्या अधिकाऱ्याला, लेफ्टनंट विल्यम कॅलीला, शोधून काढलं आणि त्याच्याशी बोलले. लाइफ आणि लुक या बड्या मासिकांनी बातमी घेतली नाही, मग डिस्पॅच न्यूज सर्व्हिस या छोट्या संस्थेने ती नोव्हेंबरमध्ये पेपरांना विकली, माय लाय या व्हिएतनामी गावातलं हत्याकांड जगापुढे आलं आणि पत्रकारितेचा १९७० चा पुलित्झर पुरस्कार हर्शना मिळाला.

आज असे पैसे देणारे बरेच आहेत. पुलित्झर सेंटर २००६ पासून आहे (पुरस्काराशी त्याचा संबंध नाही), जर्नालिझमफंड युरोप वेगवेगळ्या देशांतल्या पत्रकारांच्या टीमला देतं, महिला पत्रकारांसाठी इंटरनॅशनल विमेन्स मीडिया फाउंडेशन आहे.

अर्जात विषय नको, बातमी हवी. 'वाळू उपशातला भ्रष्टाचार' हा नुसता विषय झाला, पण अमुक नदीचा ठेका कोणाला गेला, परवान्यात किती वाळू होती, उचलली किती आणि हे दाखवणारे कोणते कागद आत्ताच हातात आहेत, एवढं लिहिलं की ती बातमी होते. बऱ्याच ठिकाणी संपादकाचं पत्रही मागतात, की काम झालं तर आम्ही छापू, आणि नवीन माणूस इथेच अडकतो, कारण पुरावा बघितल्याशिवाय संपादक पत्र देत नाही आणि पुरावा गोळा करायला पैसे नसतात. ही अट खरंच सैल व्हायला हवी, निदान पहिल्या छोट्या रकमेपुरती तरी.

बजेटमध्ये लोक स्वतःच्या कामाच्या दिवसांचे पैसे धरत नाहीत, संस्थेची मनाई नसेल तर ते धरावेत. छापण्याआधी वकिलाकडून मजकूर तपासून घ्यायचा खर्च आणि विमा पण, कारण मानहानीची नोटीस आली तर फ्रीलान्सरच्या मागे ऑफिसचा वकील नसतो. सही करण्याआधी दोन गोष्टी करारात बघायच्या, छापण्याआधी मजकूर बघायचा हक्क देणगीदाराने मागितलाय का (मागितला असेल तर ते पैसे घेऊच नयेत), आणि बातमी उभीच राहिली नाही तर रक्कम परत करावी लागते का.