वायफायच्या कुलपामागचा इतिहास

नाशिकच्या कॉलेज रोडवरील कोणत्याही इमारतीच्या जिन्यात मोबाईलवर वायफायची यादी उघडली, तर शेजारपाजारच्या राऊटरांची नावे दिसतात आणि बहुतेकांपुढे कुलपाचे लहानसे चिन्ह असते. हे कुलूप आजवर अनेकदा तुटले आहे.

तारेतला संदेश चोरायचा तर तारेपर्यंत पोहोचावे लागते. रेडिओलहरी मात्र भिंत ओलांडून आवाक्यातील प्रत्येक अँटेनावर पडतात. म्हणूनच १९९७ च्या ‘८०२.११’ या वायफायच्या मूळ तांत्रिक मानकात ‘वेप’ ही कूटपद्धती घातली गेली आणि तारेइतकी गोपनीयता, असा तिच्या नावाचाच दावा होता. प्रत्यक्षात दर पॅकेटला, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला, संदेश उलगडण्याची किल्ली वेगळी व्हावी म्हणून जोडलेला आकडा केवळ २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख पर्यायांचा होता; गजबजलेल्या नेटवर्कवर ते काही तासांतच संपत आणि जुने आकडे पुन्हा वापरात येत. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी त्यातील आरसी४ या संदेश कूटबद्ध करण्याच्या पद्धतीचा दुबळेपणा दाखवला, तेव्हा नुसती पॅकेटे ऐकून मूळ किल्ली काढता येते हे सिद्ध झाले.

‘वेप’च्या जागी आलेली २००३ ची डब्ल्यूपीए ही जुन्याच यंत्रांवर चालावी म्हणून केलेली डागडुजी होती. खरा पाया २००४ मध्ये एईएस या भक्कम कूटपद्धतीवर आधारलेल्या डब्ल्यूपीए२ ने घातला, आणि २०१७ मध्ये ‘क्रॅक’ हल्ल्याने त्यातही फट दाखवली.

माझ्या मते त्याहून मोठी फट आपण स्वतः ठेवतो. आमच्या घरी जोडणी द्यायला आलेल्या मुलाने ‘पासवर्ड काय ठेवू?’ असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता माझा मोबाईल क्रमांक टाकला. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन आणि राऊटर यांची जोडणीवेळची देवाणघेवाण कोणी टिपली, तर तो घरी बसून एकामागून एक पासवर्ड ताडून पाहू शकतो. दहा अंकी क्रमांकाचे सगळे पर्याय चांगल्या ग्राफिक्स कार्डावर काही तासांत संपतात.

२०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये हा मार्ग बंद झाला, कारण तिथे प्रत्येक अंदाजासाठी राऊटरशी नव्याने बोलावेच लागते. मी क्रमांक काढून लांब पासवर्ड ठेवला. जुना प्रिंटर मात्र डब्ल्यूपीए२ च समजतो, त्यामुळे राऊटर अजून दोन्ही पद्धतींवर चालू आहे.