सुराबायाची टोपली कोकणात आली तर

नगरपरिषदेचा अभ्यास दौरा म्हटलं की आपल्याकडे लोक गालातल्या गालात हसतात. उगाच नाही, दौऱ्यावरून बहुतेक वेळा एखाद्या यंत्राचं माहितीपत्रक तेवढं परत येतं. एक शहर दुसऱ्याकडून खरोखर शिकतं तेव्हा काय होतं, ते ओल्या कचऱ्याचं घरच्या घरी टोपलीत खत करायला शिकलेल्या इंडोनेशियातल्या सुराबायाकडे पाहून कळतं. मोठं बंदर, दमट हवा, घरोघरी भात आणि मासळी. रत्नागिरी-मालवणच्या माणसाला परकं वाटू नये असं.

सुराबायाला शिकवायला आलं जपानमधलं कीताक्यूशू. हे पोलाद कारखान्यांचं शहर. १९६०च्या दशकात तिथल्या दोकाई उपसागराला ‘मृत्यूचा समुद्र’ म्हणत. वाळत घातलेले कपडे काजळीने काळे होतात म्हणून तोबाता भागातल्या बायकांनी आधी काजळी मोजली आणि मगच कारखान्यांना जाब विचारला. मोजून भांडणाऱ्यांपुढे फार काळ टोलवाटोलवी चालत नाही. शहर हळूहळू सुधारलं आणि पुढे आशियातल्या इतर शहरांना मदत करू लागलं.

कोजी ताकाकुरा हे तंत्रज्ञ तिथूनच सुराबायाला गेले. कचरा कुजवणाऱ्या जपानी जंतूंची पाकिटं वाटण्याऐवजी त्यांनी तिथल्याच बाजारातले टेंपेसारखे (टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आंबवलेले पदार्थ साखरेच्या पाण्यात घातले, फळं-भाज्यांच्या साली मिठाच्या पाण्यात. काही दिवसांनी हे पाणी भाताच्या तुसात आणि कोंड्यात कालवलं. ढिगावर पांढरी बुरशी धरली की विरजण तयार. कपडे ठेवायच्या जाळीदार टोपलीला आतून पुठ्ठा लावून त्यात ते भरायचं, रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा आणि ढवळायचं. पालिकेने अशा हजारो टोपल्या फुकट वाटल्या. वस्तीतल्या बायकांनी घरोघरी जाऊन त्या वापरायला शिकवलं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम तेच होतं.

टोपली जाळीचीच का? कचरा कुजवणाऱ्या ज्या जंतूंना हवा लागते, ते काम वेगाने आणि फारशी दुर्गंधी न करता करतात. हवा तुटली की दुसऱ्या जातीचे जंतू ताबा घेतात, घाण वास सुटतो आणि मेथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. कोकणात नेमकी इथेच अडचण येते. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्यापेक्षा पाण्यात साधारण दहा हजार पट सावकाश. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उघड्यावरच्या ढिगात पाणी शिरलं की आतल्या फटी भरतात आणि ढीग गुदमरतो. तूस कुजायला चिवट, त्यामुळे त्या फटी मोकळ्या राहतात. तरी आषाढात टोपली पडवीत हवी, पागोळ्यांपासून लांब. मूठभर मिश्रण दाबलं आणि बोटांतून पाणी गळलं, तर आणखी तूस घालायचं.

तूस भातगिरणीत मिळतंच. टेंपे शोधत बसायला नको. आंबोळीचं आंबलेलं पीठ, ताक आणि गुळाचं पाणी यांवर प्रयोग करून बघायला हरकत नाही. फिलिपिन्समधल्या सेबूपर्यंत ही पद्धत पोचली ती अशाच स्थानिक मालावर. जंतू गावातले असले की परदेशातून मागवायला उरते फक्त रीत.

आपल्याकडेही बघण्यासारखं आहे. वेंगुर्ल्याने कचरा डेपोचंच पर्यटनस्थळ केलं आणि दुसऱ्या गावांची माणसं ते पाहायला येऊ लागली. येणाऱ्यांनी शेड आणि यंत्रांचे फोटो जरूर काढावेत, पण कचरा गोळा करणाऱ्या ताईंबरोबर एक सकाळ घरोघर फिरावं. न वेगळा केलेला कचरा दारात आला की त्या काय बोलतात, ते कुठल्याही अहवालात येत नाही.

सुराबायाचं सगळंच मात्र इथे चालणार नाही. मासळीत नायट्रोजन भरपूर. खतासाठी साधारण तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन हवा. बांगड्याची डोकी आणि आतडी थेट टोपलीत गेली तर अमोनियाने डोळे चुरचुरतील. घरची दोन-चार डोकी भरपूर कोंड्या-तुसात पुरता येतील. मासळी बाजाराच्या पाट्याच्या पाट्या बंद टाकीच्या बायोगॅसला बऱ्या, इतर ओल्या कचऱ्यात बेताने मिसळून. तिथे मेथेन मुद्दामच तयार करून जाळायचा असतो. करवंट्या दोन्हींकडे नकोत, त्या चुलीत घालाव्यात.