गोषा वेगळा, माजघर वेगळं

पेशवाईतल्या पुण्याचा विषय निघाला की कोणीतरी लिहितंच, "तेव्हा बायका पडद्यात असायच्या." कुठल्या बायका? दरवेळी हे वाचून वैताग येतो, कारण गोषा आणि माजघर या दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात.

गोषा तुम्हाला माहीतच आहे. मराठा राजघराणी, बडे सरदार यांच्याकडचा रिवाज, परक्या पुरुषाची नजर पडता कामा नये, बाहेर जायचं तर पडदे सोडलेल्या मेण्यातून.

ब्राह्मणी वाड्यात प्रश्न नजरेचा नव्हता, जागेचा होता. पुढच्या चौकात सदर, तिथे कारकून, सावकार, आलागेला. मागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, परसात आड. सुनेने सदरेवर यायचं नाही, वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, विटाळाचे तीन दिवस बाजूला बसायचं. पण तीच सून तोंड न झाकता नदीवर जायची, देवळात जायची, हळदीकुंकवाला चार घरं फिरायची. म्हणून जाच कमी होता असं अजिबात नाही हां, विधवेचं केशवपन करून तिला मागच्या अंधाऱ्या खोलीत ढकलणारे वाडे हेच, त्यासाठी गोषा लागला नाही.

आणि डोक्यावरून पदर म्हणजे घूंघट नव्हे, सिरियलवाल्यांनी शनिवारवाड्यात घूंघट आणणं आता तरी थांबवावं.

लोक खरे घसरतात ते प्रवासावर. थोरल्या बाजीरावाच्या आई राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला निघाल्या, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई नवऱ्याबरोबर पानिपतला गेल्या, मग कसला पडदा, असं विचारतात. अहो, मेण्यात बसून गोषातली बाईसुद्धा शेकडो कोस जायची! घराबाहेर पडणं वेगळं आणि परक्याला दिसणं वेगळं. बघायचं ते हे, की अनोळखी पुरुष समोर आला की ती उघड्या तोंडाने बसून बोलायची का.

अहिल्याबाई होळकर सरदार घराण्यातल्या, तरी त्या रोज उघड्या दरबारात बसायच्या असं माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलंय. उलट ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या विधवा बायजाबाई शिंदे पक्क्या घोडेस्वार, फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी बाई १८३५ मध्ये फत्तेगडला त्यांच्या तळावर गेली तर बायका घोडे फिरवत होत्या, पण ते जनान्याच्या आत, आणि साहेब लोक भेटायला आले की मध्ये पडदा. नुसतं घराणं बघून किंवा घोडा बघून निकाल देणाऱ्यांनी या दोघींना आधी शेजारी ठेवून बघावं.