डे केअरची खोली आणि बाराव्या वर्षाची रेघ

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त न बनण्याचा जन्मजात आजार, असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लावावं लागतं, हे सांगली-मिरजेत आता कुणाला समजावून सांगायला नको. रक्तदान शिबिराच्या फ्लेक्सवर ते लिहिलेलंच असतं. ही मुलं एकमेकांना कशी ओळखायला लागली आणि ऐन वयात येताना ती ओळख का तुटते, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही. मिरज, सांगली, कराडकडे रक्तासाठी येणाऱ्या मुलांमधली मैत्री कुणी ठरवून घडवली नाही. ती रक्ताच्या तारखांमधून झाली. ती मोडली बहुतेक वेळा वयाच्या एका आकड्यापायी.

मागचा काळ थोडक्यात. मिरजेत मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये सुरू झालं. पुढे वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं आरोग्यधाम झालं. तिकडे सातारा जिल्ह्यात पाचगणीला 1912 पासून असंच आरोग्यधाम होतं. तेव्हा दीर्घ आजार म्हणजे मुख्यतः क्षय, आणि उपचार म्हणजे हवा, विश्रांती आणि महिनोन्महिने मुक्काम. माणसं शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक होऊन जात. मग औषधं आली. मद्रासच्या अभ्यासाने 1959 साली दाखवून दिलं, की घरी राहून घेतलेली औषधं आरोग्यधामातल्याइतकीच लागू पडतात. लांब मुक्काम संपला. ते चांगलंच झालं, पण आजारी माणसाला आजारी माणसाची सोबत आपसूक मिळायची ती सोयही त्याबरोबर गेली. 1962 मध्ये मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि पुढे मिरज-सांगली मिळून एकच मोठा दवाखाना असल्यासारखं झालं. सीमेपलीकडचं अथणी, चिकोडी, इकडे जत, आटपाडी, तिकडे माण-खटाव, सगळे तिथे यायला लागले.

त्या गर्दीत थॅलेसेमियाची किशोरवयीन मुलं दिसत नसत, याचं कारण साधं आणि वाईट आहे. ती तेवढी जगतच नसत. नियमित रक्ताशिवाय हा आजार बालपणातच मूल घेऊन जातो. रक्त मिळालं तरी रक्ताबरोबर शरीरात लोह साठतं आणि ते हृदय, यकृत, अंतःस्रावी ग्रंथींमध्ये जाऊन बसतं. लोह काढणारं इंजेक्शन होतं, पण ते पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून, छोट्या पंपाने, रात्रभर आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. पंपाची किंमत आणि औषधाचा खर्च ऊसतोडीच्या किंवा द्राक्षबागेत मजुरीच्या घराला झेपणारा नव्हताच. 1994 मध्ये लोह काढणाऱ्या गोळीला जगात सर्वात आधी भारतात परवानगी मिळाली आणि चित्र पालटायला लागलं. गोळीने सांधे दुखायचे, पांढऱ्या पेशी अचानक उतरायची भीती असायची म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागायचं, आणि लघवी तांबूस व्हायची. पण गोळी होती. दिवसातून एकदाच घ्यायचं औषध पुढच्या दशकात आलं.

दुसरी गोष्ट रक्ताची. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालाने बंद करायचं ठरलं आणि 1 जानेवारी 1998 पासून तो बेकायदा झाला. योग्यच झालं, वाद नाही. पण त्यानंतरची काही वर्षं बापाने दर वेळी बदली रक्तदाता शोधायचा, हे रुळून गेलं. दर तीन आठवड्यांनी कुणाला विचारणार? भाऊबंद पहिल्या वर्षात संपतात. तालीम मंडळं, गणेश मंडळं, साखर कारखान्यांचे कामगार, कॉलेजची पोरं यांची शिबिरं वाढली ती याच गरजेतून. तरी मे महिना आला की कॉलेजं बंद, लग्नसराई जोरात, आणि ब्लड बँकेच्या फ्रिजमध्ये ओ निगेटिव्ह औषधालाही सापडत नाही. थॅलेसेमियाच्या रुग्णाला बदली दाता न मागता मोफत रक्त द्यायचं, हे धोरण नंतर आलं. रक्तातून पसरणाऱ्या, यकृत बिघडवणाऱ्या हिपॅटायटिस सी ची तपासणी तर 2001 मध्ये सक्तीची झाली. त्याआधी पिशव्या घेतलेल्यांनी त्याची किंमत मोजली.

या दोन गोष्टींमुळे नव्वदच्या दशकाअखेरीपासून बारा, चौदा, सोळा वर्षांची मुलं रक्ताच्या तारखेला दिसायला लागली. रक्त लावून त्याच दिवशी घरी सोडतात त्या डे केअरच्या खोलीतला दिवस ठरलेला असतो. पहाटेची एसटी, सकाळी केसपेपर, क्रॉसमॅचसाठी, म्हणजे पिशवीतलं रक्त जुळतं का ते बघायला, नमुना, मग वाट. पिशवी फ्रिजमधून बाहेर काढली की अर्ध्या तासात लावायची आणि चार तासांत संपवायची. सिस्टर नाव, गट, पिशवीचा नंबर मोठ्याने वाचतात, थेंब मोजतात, पहिली पंधरा मिनिटं तिथेच घुटमळतात, कारण थंडी वाजली, अंगावर गांधी उठल्या तर पिशवी लगेच बंद करावी लागते. त्यानंतरचे तीन तास मात्र मुलांचे. एक हात बांधलेला, दुसरा मोकळा. एका हाताने पत्ते पिसायची कला या खोल्यांत शिकावी. कुणाची शीर पहिल्या टोचण्यात सापडते आणि कुणाची चौथ्यात, याची चिडवाचिडवी चालते. लघवीच्या रंगाचा विषय घरी आईसमोर निघत नाही, शाळेत तर नाहीच. इथे निघतो, आणि हसून निघतो. फेरिटिनचा, म्हणजे अंगात किती लोह साठलंय त्याचा, आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा विचारला जातो, फरक इतकाच की इथे कमी असलेला वरचढ.

यातली बरीच मुलं आजी-आजोबांकडे राहणारी. खानापूर, आटपाडी, विटा भागातली गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली, आणि मूल मात्र रक्तासाठी गावी ठेवलेलं. घरात समवयस्क कुणी नाही, शाळेत महिन्यातून दोनदा गैरहजर. अशा मुलाला शेजारच्या खुर्चीतला मुलगा किती जवळचा होत असेल ते सांगायला नको.

शाळेचा एक प्रकार नोंदवायलाच हवा. किशोरवयीनांना दर आठवड्याला निळी लोहाची गोळी द्यायचा सरकारी कार्यक्रम 2013 च्या सुमारास शाळाशाळांत पोचला. रक्तक्षय असलेल्या मुलींसाठी तो गरजेचाच. थॅलेसेमियाच्या मुलासाठी तीच गोळी नेमकी उलटी, कारण त्याच्या अंगातून लोह काढायची खटपट चाललेली असते. गुरुजींसमोर रांगेत उभं राहून "मला नको" म्हणायचं कसं, याचा सल्ला डॉक्टरांआधी मोठ्या मुलांनी लहानांना दिला.

आता रेघेकडे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांतला बालरुग्ण विभाग परंपरेने बारा वर्षांपर्यंतचा. तेरावं लागलं की पुरुष विभाग किंवा स्त्री विभाग. या बाराचं मूळ शोधायला गेलं तर कुठल्याही एका वैद्यकीय निकषात ते सापडत नाही. 1860 च्या दंडसंहितेत बारा वर्षांखालच्या मुलाची संमती ही संमतीच धरली जात नसे, तो एक धागा. वयात येणाऱ्या मुला-मुलींना एका दालनात ठेवू नये, हा दुसरा. खाटांची संख्या आणि मनुष्यबळ हा तिसरा, आणि खरं तर सर्वात जड तोच. बारा ओलांडलेले सगळे आत घेतले तर न्यूमोनियाच्या तान्ह्या बाळाला खाट कुठून आणायची, हा बालविभागाचा सवाल खोटा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एका खाटेवर दोन मुलं पाहिलेल्या कुणालाही तो पटेल.

तरीही दीर्घ आजाराच्या मुलांना ही रेघ लावणं चुकीचंच होतं, असं आमचं मत आहे, आणि त्याला कारणं आहेत. लोहाने पिट्युटरीला, म्हणजे वाढ आणि वयात येणं सांभाळणाऱ्या मेंदूतल्या ग्रंथीला, धक्का लागलेला चौदा वर्षांचा मुलगा पुष्कळदा नऊ-दहा वर्षांचा दिसतो. उंची थांबलेली, आवाज फुटलेला नाही. त्याचं रक्त आणि औषध वजनावर ठरतं, वयावर नाही. मोठ्यांच्या मेडिसिन वॉर्डात त्याच्या एका बाजूला दारूने यकृत गेलेले काका आणि दुसऱ्या बाजूला क्षयाचा संशय असलेले आजोबा. तिथल्या निवासी डॉक्टरने थॅलेसेमिया पुस्तकात वाचलेला असतो, पण लहानपणापासून टोचून कडक झालेली शीर कुठे मिळेल ते त्याला माहीत नसतं. जुन्या सिस्टरना माहीत असतं. मुलीचा प्रश्न आणखी वेगळा. पाळी न येण्याची चिंता ती ज्यांच्याजवळ बोलत होती त्या दोन-तीन मैत्रिणी मागेच राहतात.

गमतीचा भाग असा, की बुटकेपणाचा ज्या मुलांना सर्वात जास्त राग, त्याच बुटकेपणावर ती दोन-तीन वर्षं जास्त बालविभागात काढत. वॉर्डातले मामा चेहरा बघून आत सोडत, केसपेपर बघून नाही. नवीन कुणी केसपेपर वाचणारं आलं की वाद. पालक हातापाया पडत, वरिष्ठ तोंडी परवानगी देत, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

कायदे मात्र केव्हाच अठराला जाऊन पोचले होते. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1992 मध्ये शिक्कामोर्तब केलं आणि त्यात मूल म्हणजे अठराखालचं. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांच्या तपासणीचा 2013 चा कार्यक्रम शून्य ते अठरासाठी. 2014 च्या किशोर आरोग्य कार्यक्रमाची वयोमर्यादा दहा ते एकोणीस, आणि त्यातल्या समुपदेशन केंद्रांना आपल्याकडे नाव दिलं 'मैत्री'. म्हणजे एकाच आवारात एक दार एकोणीसपर्यंत उघडं, एक अठरापर्यंत, आणि ज्या खोलीत खरोखर मैत्री होती तिचं बाराला बंद.

एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांची वाट थोडी निराळी. सांगली हा एकेकाळी राज्यातल्या जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांपैकी. सरकारी मोफत औषधं देशात 2004 पासून, मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम 2006 पासून. ही मुलं महिन्याच्या गोळ्यांच्या दिवशी भेटत, पण कित्येकांना आपल्याला नेमकं काय झालंय हे घरच्यांनी सांगितलेलंच नसे. शेजारचा ओळखीचा निघाला की दोघंही मान खाली घालत. आपण कशासाठी येतो हे माहीत असणाऱ्या मुलांचे गट जमायला लागले तेव्हाच तिथे गप्पा सुरू झाल्या. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने तर बारा ते अठरामधल्या समजूतदार भावंडाला धाकट्याचं पालकत्व निभावायची मुभा दिली. बारा वर्षांचं पोर दवाखान्यात धाकट्याचा पालक होऊ शकतं आणि तेरा वर्षांचं बालविभागात रुग्ण होऊ शकत नाही, हे दोन्ही एकाच राज्यात एकाच वेळी खरं होतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत बरंच बदललं. राज्याची आरोग्य विमा योजना 2013 च्या अखेरीस सांगली-साताऱ्यालाही लागू झाली. 2016 च्या अपंगत्व कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आले, त्यामुळे प्रमाणपत्राच्या रांगेत नवी ओळख झाली. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. रस्ते बंद, आणि रक्ताची तारीख काही पूर बघून येत नाही. मग 2020 मध्ये शिबिरंच थांबली आणि मिरजेचं सरकारी रुग्णालय कोविडसाठी गेलं. मुलांचे व्हॉट्सअॅप ग्रुप खऱ्या अर्थाने कामाला लागले ते या दोन खेपांत. कुठल्या ब्लड बँकेत पिशवी आहे, कोण गाडीने मिरजेपर्यंत सोडेल, कुणाचं हिमोग्लोबिन सातच्या खाली उतरलंय, हे तिथे पालकांपेक्षा आधी कळायचं.

रेघेचं म्हणाल तर तिचं टोक आता पुष्कळ ठिकाणी अठराकडे सरकलंय, बहुतेक वेळा लेखी आदेशापेक्षा विभागप्रमुखाच्या समजुतीवर. विभागप्रमुख बदलला की समजूतही बदलते. आणि अठरानंतर कुणाकडे जायचं हा प्रश्न तसाच आहे. मोठ्यांच्या रक्तविकारांचे तज्ज्ञ बहुतांश पुण्या-मुंबईत. जतच्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पुणं परवडत नाही, म्हणून विशीतली मुलं अजूनही तारखेला जुन्याच सिस्टरना फोन करून विचारतात, "आज गर्दी किती आहे, येऊ का?"