ज्युरीची यादी, लाल रेघ आणि हिरवी शाई

अमेरिकेत फौजदारी खटल्यातील न्याय आणि वर्ण यांच्या नात्याची चर्चा बहुधा निकालापासून सुरू होते. त्याची मुळे मात्र ज्युरीत, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात, कोण बसणार हे ठरवण्याच्या रुक्ष, कारकुनी कामात सापडतात. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने सर्वांना कायद्याच्या समान संरक्षणाची हमी दिली होती, तरीही वेस्ट व्हर्जिनियात कायद्यानेच ज्युरीत केवळ गोऱ्या पुरुषांना जागा होती. सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्ये ही अट घटनाबाह्य ठरवली. कायद्यातून ‘गोरे’ हा शब्द गेला, पण दक्षिणेतील राज्यांत ज्युरी पुढेही गोरीच राहिली, कारण याद्या करणाऱ्यांना ‘लायक’ कृष्णवर्णीय कधी सापडतच नसत.

ही युक्ती अलाबामातील स्कॉट्सबरो प्रकरणात उघडी पडली. १९३१ मध्ये मालगाडीतून प्रवास करणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा आरोप ठेवला गेला आणि अटकेनंतर जेमतेम पंधरवड्यात त्यांतील आठ जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला. आरोपींना पुरेसे वकील साहाय्य मिळाले नाही म्हणून १९३२ मध्ये या शिक्षा रद्द झाल्या. फेरखटल्यांनंतर प्रकरण पुन्हा वर गेले, तेव्हा बचावाचे वकील सॅम्युअल लीबोविट्झ यांनी ज्युरीची मूळ नोंदवहीच सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली. वहीत काही कृष्णवर्णीयांची नावे होती खरी, परंतु जुनी यादी कुठे संपली हे दाखवणाऱ्या लाल रेघांवर ती चढवलेली होती. म्हणजे रेघ आधीची आणि नावे नंतर घुसडलेली. न्यायमूर्तींनी भिंग घेऊन ती पाने पाहिली, आणि १९३५ च्या निकालाने कृष्णवर्णीयांना ज्युरीतून पद्धतशीरपणे वगळणे अवैध ठरवले.

यानंतर वगळण्याचे काम नोंदवहीतून न्यायदालनात आले. कारण न सांगता काही ज्युरी सदस्य नाकारण्याचा हक्क दोन्ही पक्षांना असतो, आणि सरकारी वकिलांनी तो कृष्णवर्णीयांविरुद्ध सर्रास वापरला. १९६५ मध्ये न्यायालयाने भेदभाव सिद्ध करण्याची अट इतकी कठोर ठेवली की ती पूर्ण करणे जवळजवळ अशक्यच होते. १९८६ च्या बॅट्सन निकालाने ती सैल केली: संशय निर्माण झाल्यास सरकारी वकिलाने वर्णाशी संबंध नसलेले कारण द्यावे. कारण देणे मात्र अवघड नसते. जॉर्जियातील १९८७ च्या एका खटल्यातील सरकारी पक्षाची टिपणे पुढे बाहेर आली, तेव्हा ज्युरीसाठीच्या कृष्णवर्णीय उमेदवारांची नावे हिरव्या शाईने रंगवलेली आणि त्यांच्यापुढे ‘बी’ (म्हणजे ‘ब्लॅक’) हे अक्षर लिहिलेले दिसले. न्यायालयाने २०१६ मध्ये ती निवड भेदभावपूर्ण ठरवली. मिसिसिपीत एकाच आरोपीवर सहा वेळा खटला चालला, त्यांत सरकारी वकिलाने नाकारता येण्याजोग्या ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीयांना नाकारले, आणि ती दोषसिद्धी रद्द व्हायला २०१९ उजाडले.