तंबू दोन्हीकडे, रात्र वेगळी: मुलांना जल महोत्सवाला न्यायचं की कॅम्पिंगला?

दिवाळी आटोपली की इंदूरच्या मराठी घरांत नाताळच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. रामबागेत असो, लोकमान्य नगरात असो की राजेंद्र नगरात, कुणीतरी म्हणतंच, "यंदा मुलांना कॅम्पिंगला नेऊ या." मग एखादी वहिनी खंडव्याकडच्या हनुवंतियाच्या जल महोत्सवाचे फोटो पाठवते. त्यात पाण्याकाठी रांगेत उभे तंबू, बोटी आणि रोषणाई असते. तेवढ्यात कुणाचा मावसभाऊ इंदूरजवळच्या चोरलकडच्या शेतातला फोटो टाकतो, ज्यात एक बुटका तंबू, शेकोटी आणि चिखलाने माखलेली पोरं दिसतात. तंबू दोन्हीत आहे, म्हणून दोन्ही एकच समजून बेत ठरतो, आणि मग तिथे गेल्यावर मुलं हिरमुसतात किंवा आईवडील थकून जातात.

या दोन्हींतला खरा फरक गादीचा किंवा पैशांचा नाही. मुलाचा दिवस कोण भरतं, हा आहे. महोत्सवात तो आयोजक भरतात. बोट, पतंग, कठपुतळी, संध्याकाळचा कार्यक्रम, जेवणाची वेळ, सगळं आधीच ठरलेलं असतं. कॅम्पिंगमध्ये दिवस कामांनी भरतो. तंबू ठोका, पाणी आणा, काटक्या गोळा करा, भांडी घासा. एका ठिकाणी मुलाच्या हातून काम काढून घेतलं जातं, दुसरीकडे ते हातात दिलं जातं. दोन्ही आनंदाचेच प्रकार आहेत, पण एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा केली की पंचाईत होते.

परदेशातल्या नातेवाइकांमुळे हा गोंधळ आणखी वाढतो. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात 2008 साली सुरू झालेल्या कॅम्प बेस्टिव्हलला कुटुंबं आपापला तंबू गाडीत घालून नेतात, मैदानात स्वतः ठोकतात आणि दिवसभर मुलांना गाणी-खेळांत सोडतात. तिथे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. आपल्या देशातही अरुणाचलात झिरोला 2012 पासून संगीत महोत्सव होतो आणि तिथे बरेच जण तंबूतच उतरतात. पण इंदूरहून मुलांना घेऊन सकाळी निघून दुपारी पोहोचता येईल अशा टप्प्यात या दोन वाटा वेगवेगळ्याच आहेत.

आधी महोत्सव. हनुवंतिया खंडवा जिल्ह्यात, नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या फुगवट्याकाठी आहे. मध्य प्रदेश पर्यटनाने 2016 मध्ये तिथे पहिला जल महोत्सव भरवला. राहायला मिळतो तो स्विस टेंट. जाड कापड, आत लोखंडी सांगाडा, पलंग, गादी, रजाई, दिवा आणि मागच्या बाजूला जोडलेलं बाथरूम. तो आधीच उभा असतो, तुम्ही फक्त बॅगा ठेवायच्या. थोडक्यात, ही कापडी भिंतींची हॉटेलची खोलीच. आजीचे गुडघे दुखत असतील किंवा घरात दोन वर्षांचं बाळ असेल, तर रात्री टॉर्च घेऊन लांब जावं लागत नाही, ही मोठीच सोय आहे.

इथे मुलांना पाणी दाखवताना एक गोष्ट जरूर सांगावी. या पाण्याखाली हरसूद आहे. धरणासाठी 2004 च्या उन्हाळ्यात ते अख्खं गाव रिकामं करण्यात आलं. आसपासची कितीतरी खेडीही बुडाली. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे कळतं, आणि मग बोटीतून जाताना ते पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघतं.

आता कॅम्पिंग. इथे डोम टेंट असतो. दोन लवचीक दांड्यांवर ताणलेला, कमरेइतका उंच, पाठीवर नेता येईल असा. त्यावर "चार जणांसाठी" लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ चार माणसं अंगाला अंग लावून झोपतील एवढाच. दोन मोठी आणि दोन मुलं असतील तर सामान ठेवायला जागा राहत नाही. नेहमी एक माप मोठा घ्यावा.

जागेबद्दल मात्र मी ठाम आहे. मुलांना घेऊन पहिल्यांदा जंगलाकाठी तंबू ठोकू नये. चोरल आणि महूकडच्या जंगलांत बिबटे आहेत, आणि वनजमिनीवर मुक्काम करायला वन विभागाची परवानगी लागते. चंबळेचा उगम असलेल्या जानापावच्या टेकडीवर दिवसा जाऊन यावं, रात्र मात्र माणसांची वस्ती असलेल्या ठिकाणी काढावी. सगळ्यात उत्तम म्हणजे ओळखीच्या कुणाचं शेत. विहीर किंवा बोअरचं पाणी असतं, हाकेच्या अंतरावर घर असतं, आणि अडीअडचणीला एक पक्की भिंत असते. फक्त तंबू ठोकण्याआधी शेतमालकाला विचारायचं, "दादा, रात्री या बाजूला पाणी सोडणार आहात का?" डिसेंबरात गव्हाला पाणी देण्याचे दिवस असतात आणि शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते. तंबूखालून पाट वाहू लागला तर रात्र संपली म्हणून समजा.

थंडी दोन्हीकडे असते, पण तिची जात वेगळी. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. इंदिरा सागरची पूर्ण जलपातळी 262 मीटर. म्हणजे घाट उतरून निमाडात, खंडव्याच्या बाजूला, गेल्यावर हवा तशी ऊबदार व्हायला हवी. दिवसा होतेही. पण संध्याकाळी उघड्या पाण्यावरून वारा सुटतो आणि बोटीतून भिजून आलेलं मूल कुडकुडायला लागतं. तिथे कानटोपी आणि कपड्यांचा जास्तीचा जोड हाताशी हवा. झोपताना रजाई असतेच.

माळव्याच्या पठारावर, शेतात, थंडी खालून येते. ही गोष्ट बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. ते अंगावर तीन-तीन पांघरुणं घालतात आणि खाली एक पातळ चटई अंथरतात. अंगाखाली दबलेलं पांघरूण चपटं होतं, त्यात हवा उरत नाही आणि जमीन सरळ अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून खाली आधी प्लास्टिकची ताडपत्री, त्यावर फोमची मॅट, त्यावर घरची सतरंजी किंवा गोधडी, आणि मग मूल. लहान मुलांचं अंग वजनाच्या मानाने मोठं पसरलेलं असतं, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. स्लीपिंग बॅग विकत घेणार असाल तर तिच्यावर पुष्कळदा तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते) आणि लिमिट (जेमतेम निभावेल ते). बघायचा तो कम्फर्टचा. आपल्याकडे डिसेंबरात किमान तापमान 10 अंशांच्या आसपास असतं आणि थंडीची लाट आली तर त्याच्याही खाली जातं, त्या हिशोबाने घ्यावी.

सकाळी तंबूची आतली बाजू ओली लागते आणि मुलं म्हणतात, "बाबा, पाऊस पडला!" पाऊस नसतो. रात्रभरच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमलेली असते. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन आणि जाळीच्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या की हे पाणी वाढतं आणि पांघरुणं दमट होतात. वरची जाळी उघडी ठेवायची आणि मुलांना कापडापासून वीतभर लांब झोपवायचं.

आणि एक गोष्ट अगदी कळवळून सांगते. तंबूत सिगडी नेऊ नका. डोम टेंट असो की स्विस टेंट, "पाच मिनिटं, नुसती ऊब यावी म्हणून" असंही नाही. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात, आणि तंबू ही खोलीपेक्षाही लहान जागा. शेकायचं ते बाहेर. झोपण्याआधी शेकोटीवर पाणी ओतून राख चाळून बघायची.

महोत्सवातले धोके वेगळे असतात, एक गर्दी आणि दुसरं पाणी. गर्दीसाठी साधे उपाय पुरतात. सकाळी मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांत एक फोटो काढून ठेवावा, मनगटावर बॉलपेनने आपला मोबाइल नंबर लिहावा, आणि चुकामूक झाली तर कुठे उभं राहायचं ती जागा आत शिरतानाच दाखवून ठेवावी. "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" एवढंच शिकवलं तर हरवलेलं मूल कुणाकडेच मदत मागत नाही. त्यापेक्षा सांगावं, बरोबर लहान मुलं असलेली एखादी काकू दिसली तर तिला सांग.

पाण्याच्या बाबतीत लाइफ जॅकेट हा सगळा खेळ आहे. ते वयावर नाही, वजनावर निवडायचं. मोठ्यांचं जॅकेट दोरी आवळून मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. घातल्यावर खांद्यांशी धरून जॅकेट वर ओढून बघायचं. हनुवटी आणि कान झाकले गेले तर ते मोठं आहे, दुसरं मागा. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा. मापाचं नसेल तर राइड सोडून द्यायची, पैसे भरलेले असले तरी. काठावर खेळताना तर लहान मूल हाताच्या अंतरावरच हवं, कारण बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही.

आवाजाचाही विचार करा. लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवण्याचा नियम 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. पण सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून 15 दिवसांपर्यंत रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. कापडी भिंतीतून सगळं ऐकू येतं. साडेआठला झोपणारं मूल असेल तर बुकिंग करतानाच स्टेजपासून आणि जनरेटरपासून लांबचा तंबू मागून घ्यावा. मुख्य म्हणजे आधी विचारलं तर मिळतो, तिथे पोहोचल्यावर भांडून मिळत नाही.

शेतात उलटं. तिथे इतकी शांतता असते की शहरातल्या मुलांना तीच घाबरवते. घुबड ओरडलं, कुत्री भुंकली, तंबूचं कापड फडफडलं की ती उठून बसतात. पहिल्या रात्री आई किंवा बाबांनी मधे झोपावं आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा टॉर्च द्यावा. स्वतःचा टॉर्च असणं ही सहा वर्षांच्या मुलासाठी मोठी गोष्ट आहे.

अंधाराचा फायदाही इथेच मिळतो. डिसेंबरच्या 13-14 तारखेच्या आसपास मिथुन राशीतला उल्कावर्षाव जोरात असतो. मध्यरात्रीनंतर तो सर्वात चांगला दिसतो, पण मुलांसाठी दहा-अकरा वाजताही उल्का दिसतात. चंद्र मोठा असेल तर मात्र निम्मी मजा जाते, म्हणून कॅलेंडर पाहून बेत करावा. मृगाचे तीन तारे, त्यांच्या रेषेत खाली व्याध आणि दुसऱ्या बाजूला वर कृत्तिकांचा पुंजका, एवढं ओळखता आलं की मुलं पुढे स्वतःच शोधत बसतात. महोत्सवाच्या रोषणाईत यातलं फारसं हाती लागत नाही.

जेवणाचं म्हणाल तर महोत्सवात तंबूच्या मुक्कामाच्या दरात बहुधा जेवण धरलेलं असतं, पण बोट आणि साहसी खेळांचे पैसे वेगळे असू शकतात. ते आधीच स्पष्ट विचारावं, नाहीतर प्रत्येक खेळापाशी मूल हट्ट करतं. शेतात मात्र स्वयंपाक हाच खेळ. बाफले आधी उकडावे लागतात, त्यामुळे मुलांबरोबर बाटीच बरी. कणीक मळून गोळे करायचं काम मुलांचं. गोवऱ्या पेटून लाल झाल्या, धूर थांबला, की मोठ्यांनी चिमट्याने बाट्या राखेत ठेवायच्या. आठ-नऊ वर्षांचं मूल पुढे सरसावून प्रत्येक बाटी कधी फिरवायची ते सांगायला लागतं. तडकली की झाली. कापडात धरून राख झटकायची, मुठीत फोडायची, वर तूप. घरी वरणभाताला नाक मुरडणारी मुलं तिसरी बाटी मागतात.

कचरा मात्र आपला आपणच परत आणायचा. 2017 पासून स्वच्छतेत नाव काढलेल्या शहरातली मुलं आपली. ओला-सुका वेगळा करणं त्यांना घरी पाठ आहे, शेतातही दोन पिशव्या त्यांच्याच ताब्यात द्याव्यात.

मग कुणी कुठे जावं? पाच वर्षांच्या आतलं मूल किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर महोत्सव, तोही गर्दीचा शनिवार-रविवार टाळून. सहा ते बारा हे वय कॅम्पिंगचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. या वयात काम मिळालं की मूल फुलतं, आणि महोत्सवाच्या तयार दिवसात त्याला ते मिळत नाही. एकच मूल असेल तर मामेभावंडं किंवा शेजारची मुलं बरोबर घ्या. तेरा-चौदाच्या पुढच्यांना आईवडिलांबरोबर शेतात रात्र काढायला लाज वाटू शकते. त्यांना एक तर महोत्सवातले पाण्यावरचे खेळ आवडतात, नाहीतर मित्रांबरोबरचं प्रशिक्षकांचं साहसी शिबिर. ते शिबिर ही तिसरीच गोष्ट, तिथे पालक नसतात.

ज्यांना ठरवताच येत नाही त्यांनी आधी एक रात्र गच्चीवर तंबू ठोकून बघावी. रात्री कोण उठतं, कुणाला थंडी वाजते, किती वाजता "घरात जाऊ या" ऐकू येतं, हे सगळं तिथेच कळतं आणि खाली घर असतंच. तंबू त्यासाठी विकत घ्यायची गरज नाही, ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडे मिळतो. नाताळच्या आठवड्यात मात्र ते सामानही संपतं आणि महोत्सवाचे तंबूही, तेव्हा दोन्हींसाठी फोन नोव्हेंबरातच करावा.